हार्वेस्ट गोल्ड एमजीबी हिरवी करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७३ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची पक्कं छप्पर नसलेली दोन सीटर स्पोर्ट्‌स गाडी, क्रोम बंपरवाली. मूळ रंग हार्वेस्ट गोल्ड, म्हणजे हळदीत थोडी माती कालवल्यासारखा पिवळा. आधीच्या मालकाने केव्हातरी त्याच रंगाचा वरून एक हात फिरवलाय. बॉनेटच्या कडेला आणि उजव्या पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला फुगे आलेत. आतली सीटं काळी. आत्ताच्या मालकाला हा पिवळा कधीच आवडला नाही, त्यांना ब्रिटिश रेसिंग ग्रीन, म्हणजे गडद हिरवा, हवाय. एक पेंटर म्हणतो, बाहेरून करून देतो, तीन आठवडे लागतील. दुसरा म्हणतो, सगळी खोलावी लागेल, सात-आठ महिने धरा. कोणाचं ऐकायचं, आणि रंग बदलल्यावर किंमत पडते का?

तीस वर्षं जुन्या गाड्यांचा पत्रा आणि रंग हेच काम करतोय, तेव्हा सरळ सांगतो. गाडी तुम्ही किती खोलणार आहात, त्यावर रंग बदलण्याचा निर्णय होतो. कोणती शेड आवडते, हा प्रश्न त्याच्या बराच नंतरचा. कुठल्याही कारणाने गाडी पत्र्यापर्यंत उघडी होणार असेल, तर हिरवी करा, निळी करा, माझी हरकत नाही. ती उघडायची नसेल तर पिवळीच राहू द्या.

कारण साधं आहे. त्याच रंगात पुन्हा रंगवताना दाराची चौकट, बिजागऱ्यांची जागा, डिकीचं आतलं अंग, पेट्रोलच्या झाकणाभोवतालची जागा हे सगळं मूळ रंगाचंच असतं. नव्या-जुन्यात थोडा उन्नीस-बीस फरक पडला तरी डोळ्याला खुपत नाही. रंग बदलला की ह्यातली प्रत्येक जागा चुगली करते. एमजीबीत तर इंजिनाची खोलीसुद्धा बॉडीच्याच रंगात असते. बॉनेट उचलल्यावर हिरव्या चौकटीत पिवळा खड्डा दिसणार. तो झाकायचा तर इंजिन बाहेर काढायला हवं. इंजिन काढलं की वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, हीटरची पेटी हेही ओघाने आलंच. इंजिन जागेवर ठेवून, प्लास्टिक गुंडाळून, फटीफटीतून स्प्रे मारणारे आहेत. मीही एके काळी मारलाय. सहा महिन्यांत ब्रॅकेटच्या मागून पिवळं डोकावतं.

जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये हे आणखी एका ठिकाणी नडतं, ते म्हणजे डॅशबोर्ड. पोर्शे ३५६ किंवा मर्सिडीज १९० एसएल ह्यांच्या डॅशबोर्डचा पत्रा बॉडीच्या रंगात असतो. तिथे बाहेरचा रंग बदलायचा म्हणजे मीटर काढा, काच काढा, सगळं डॅश मोकळं करा. तुमची त्यातून सुटका आहे, एमजीबीचं डॅश काळं असतं. आतली सीटंही काळी आहेत, तीही हिरव्याशी भांडणार नाहीत. हा तुमच्या बाजूचा मुद्दा, मान्य.

तीन आठवडेवाल्या पेंटरबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो जे काम सांगतोय ते तेवढ्या वेळात होतं, आणि पहिल्या दिवशी झकास दिसतं. माझ्या हातून असंच एक काम झालंय. सुरुवातीची वर्षं होती. एक पांढरी दोन सीटर आली. मालक घाईत होता, गडद निळी हवी होती. दारं न उतरवता, रबरी बीडिंग नुसतं उचलून, खाली टेप सरकवून मी रंग मारला. गाडी घेऊन जाताना मालकाने पाठ थोपटली. दीड वर्षाने गाडी परत आली, तेव्हा पुढच्या नाकाडावर खडी लागून टवके उडाले होते, आणि गडद निळ्यावर प्रत्येक टवका पांढऱ्या ठिपक्यासारखा चमकत होता. पांढऱ्यावर पांढरं उडालं असतं तर दोन हातांवरून दिसलं नसतं. बीडिंगच्या कडेने तर टेपची सरळ रेघच दिसत होती, एका बाजूला निळं, दुसऱ्या बाजूला पांढरं. मालक काही बोलला नाही. नुसतं बोट ठेवून दाखवलं. त्यानंतर रंग बदलण्याचं काम मी दारं लावलेली ठेवून केलेलं नाही.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पेंटरला हो म्हणायच्या आधी तीन-चार गोष्टी स्वतः करून बघा. त्यांना दमडी खर्च नाही, आणि त्यावरून तुमचा निम्मा निर्णय आपोआप होईल.

पहिली गोष्ट, ते फुगे. बारीक सुई घ्या, फुग्याच्या मधोमध टोचा आणि कापसाने टिपा. कापसावर तपकिरी ओल आली, तर गंज खालून वर येतोय. पत्रा आतून खाल्ला गेलाय आणि रंग हे त्याचं नुसतं झाकण उरलंय. स्वच्छ पाणी आलं किंवा काहीच आलं नाही आणि खाली प्रायमर शाबूत दिसला, तर तो रंगातला दोष आहे: ओलसर हवेत मारलेला रंग, किंवा नीट न सुकलेल्या थरावर चढवलेला पुढचा थर. बॉनेटच्या फुग्यांबद्दल दोन्ही शक्यता आहेत. मडगार्डच्या मागच्या टोकाबद्दल मात्र मी आत्ताच पैज लावायला तयार आहे. एमजीबीच्या पुढच्या मडगार्डच्या आत, वरच्या मागच्या कोपऱ्यात चिखल साठून राहतो आणि तो वर्षानुवर्षं ओला असतो. तिथला फुगा वरून घासून, लप्पी (पुट्टी) भरून, रंग मारून बरा होत नाही. बरं हे की ही मडगार्डं बोल्टने बसवलेली आहेत, काढून मागची बाजू बघता येते. बाजूने जी लांब क्रोमची पट्टी जाते, तिच्या क्लिपांच्या भोकांभोवतीही बघा. तिथे गंज हमखास असतो.

दुसरी गोष्ट, रंगाची जाडी. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजणारं गेज मिळतं, एखाद्या ओळखीच्या पेंटरकडून मागून घ्या. कारखान्यातून आलेला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. एकदा पुन्हा रंगवलेली गाडी २००-३०० दाखवते. आकडा ५०० च्या पुढे गेला की खाली लप्पी आहे असं समजा, आणि हजाराच्या वर गेला तर तिथे पत्र्याचा आकार पत्र्याने राखलेला नाही, लप्पीने राखलाय. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा, कडेला आणि मधे, आणि कागदावर गाडीचं चित्र काढून आकडे लिहा. एक लक्षात ठेवा: साधं चुंबकी गेज लोखंडी पत्र्यावरच चालतं. सुरुवातीच्या एमजीबींना ॲल्युमिनियमचं बॉनेट होतं. तुमच्या सालच्या गाडीला लोखंडी असायला हवं, पण पन्नास वर्षांत कोणी कुठलं बॉनेट बसवलंय काय सांगावं. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर दोन्ही धातूंवर चालणारं गेज लागेल.

तिसरी गोष्ट, रंगाची जात. दिसणार नाही अशा जागी, डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला म्हणा, पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन अर्धा मिनिट दाबून चोळा. रंग विरघळून फडक्यावर उतरला तर ते जुन्या पद्धतीचं लॅकर आहे, थिनर उडून सुकणारं. उतरला नाही तर हार्डनर घालून मारलेला टू-के किंवा भट्टीत भाजलेला रंग आहे. आधीच्या मालकाने जो हात फिरवला तो कशाचा आहे, हे इथे कळतं. लॅकर असेल तर त्यावर थेट टू-के मारायचं नाही. नव्या रंगाचा थिनर जुन्या थराला मऊ करतो आणि पृष्ठभाग सुरकुततो, दुधावर साय धरल्यासारखा. तीन आठवडेवाला हे फडकं लावून बघतो का, ते विचारा. त्याच्या उत्तरावरून बराच अंदाज येईल.

फार कुतूहल असेल तर आणखी एक करता येतं. अंगठ्याच्या नखाएवढी लपलेली जागा हजार नंबरच्या पेपरने, पाणी घालून, हळूहळू गोल घासत जा. कडेला थर वर्तुळांसारखे उघडे पडतात, ओंडक्याच्या छेदासारखे. वरचा पिवळा, मग करडा सरफेसर (रंगाखाली पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग मूळचा थोडा वेगळा पिवळा, मग प्रायमर, शेवटी चकचकीत पत्रा. मला हे करायला अजून मजा येते. एकदा एका लाल गाडीच्या असल्या वर्तुळांत लाल, पांढरा, पुन्हा लाल, काळा आणि सगळ्यात खाली मूळ फिकट निळा निघाला होता. मालक ती ‘ओरिजिनल लाल’ म्हणून घेऊन आले होते. घासताना मात्र कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात जायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सिल. दाराखालची ती आडवी पेटी. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि रोडस्टरला वर छप्परही नाही. म्हणजे गाडीची पुढची आणि मागची बाजू एकमेकींना धरून ठेवण्याचं मोठं काम ह्या दोन पेट्या करतात. जॅकने गाडी एका बाजूने उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करून बघा. जमिनीवर असताना सहज लागणारं दार जॅकवर अडकायला लागलं, फट वर आणि खाली सारखी राहिली नाही, तर सिल गेलेले आहेत. बाहेरून कितीही गुळगुळीत दिसू द्या. खालून पेचकसाच्या टोकाने टोचलंत तर आवाजही सांगेल. निरोगी पत्रा टणटण वाजतो, सडलेला भुसभुशीत वाटतो.

ह्या सिलवरच तुमचा रंग ठरणार आहे. सिल बदलायचे म्हटले तर पुढची मडगार्डं काढावी लागतात, मागच्या मडगार्डाचा खालचा भाग कापावा लागतो, दाराच्या चौकटीत आधाराची सळई वेल्ड करून मग कापाकापी करावी लागते, नाहीतर गाडी मधे वाकते. एवढं झाल्यावर अर्धी गाडी तशीही पत्र्यावर आलेली असते. तिथून इंजिन काढणं आणि सगळी बॉडी एका रंगात आणणं ही शेवटची पायरी आहे. अशा वेळी मी स्वतःच मालकाला विचारतो, रंग बदलायचाय का, आत्ताच सांगा, पुढच्या वीस वर्षांत ही संधी परत येणार नाही. उलट सिल ठणठणीत निघाले, गेजचे आकडे २००-३०० च्या आसपास आले आणि फुगे त्या दोन जागीच असले, तर नुसत्या आवडीसाठी चांगली बॉडी पत्र्यापर्यंत सोलणं मला पटत नाही. मडगार्ड काढा, गंज कापून नवा तुकडा जोडा, बॉनेट आणि मडगार्ड त्याच पिवळ्यात रंगवा, बाकीचा रंग कंपाउंडने घासून उजळा.

किंमतीचं विचारलंत. इथे गाडी-गाडीत फरक आहे. अमेरिकेतल्या शेव्रोलेच्या १९५३ सालच्या पहिल्या कॉर्व्हेट फक्त ३०० झाल्या आणि तीनशेच्या तीनशे पोलो व्हाइट रंगात, आत लाल. ती कोणी निळी केली तर गाडीची ओळखच पुसली जाते. एमजीबी १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त निघाल्या. तिथे रंग बदलणं हा गुन्हा नाही, पण फुकटही नाही. समजून घेणारा गिऱ्हाईक दोन गोष्टी बघतो. एक, काम लपवलेल्या जागांपर्यंत गेलंय का. दोन, नवा रंग त्या काळचा, त्या कारखान्याचा आहे का. तुमच्या गाडीच्या सालाच्या आसपास ग्रीन मॅलार्ड नावाचा कारखान्याचाच हिरवा होता. ब्रिटिश रेसिंग ग्रीन एमजीबीवर होता तो मुख्यतः साठच्या दशकात. हिरवाच हवा असेल तर ग्रीन मॅलार्डचा नमुना एकदा बघाच. ‘त्या काळी ही गाडी कारखान्यातून अशीच निघू शकली असती’ हे वाक्य विकताना कामी येतं.

फॅशनच्या मागे जाऊ नका, हेही सांगायला हवं. १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांचे भाव भडकले, तेव्हा करड्या, तपकिरी, फिकट हिरव्या कितीतरी सुंदर गाड्या लाल झाल्या, कारण लाल विकली जायची. त्यातल्या काही माझ्याकडे पुन्हा मूळ रंगात जायला आल्यात. लालसाठी एकदा पैसे मोजलेले, लाल काढायला दुसऱ्यांदा. सत्तरीतले ते मातकट पिवळे, तपकिरी, जांभळट रंग त्या वेळी नाकं मुरडायला लावायचे, आज लोक तेच शोधत येतात. हार्वेस्ट गोल्ड मलाही पहिल्यांदा आवडला नव्हता. आता संध्याकाळच्या उन्हात क्रोमशेजारी तो बघितला की वाटतं, ह्या गाडीच्या रेषा ह्यात जास्त दिसतात. गडद हिरव्यात सावलीतल्या रेषा बुडतात. हे माझं मत आहे, तुम्ही ते बाजूला ठेवू शकता.

रेसिंग ग्रीनबद्दल थोडं अवांतर. ह्या नावाची एकच ठरलेली शेड नाही. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण ब्रिटनच्या रस्त्यांवर शर्यतीला परवानगी नव्हती. यजमानांचा मान म्हणून ब्रिटिश गाड्यांनी हिरवा घेतला, असं सांगतात. तिथून पुढे ज्या-त्या कारखान्याने आपापला हिरवा काढला, कोणी पानाचा, कोणी बाटलीचा, कोणी जवळजवळ काळा. त्यामुळे पेंटरला नुसतं ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ सांगून निघून आलात तर त्याच्या डब्यात जो असेल तो मिळेल. रंगाचा कोड द्या. आणि कोड देण्याआधी नमुना बघा.

नमुना बघायची रीत आहे. कार्डावरचा चौकोन बघून रंग ठरवू नका. भंगारातलं एखादं वाकदार पॅनेल घ्या, जुनं मडगार्ड सगळ्यात उत्तम, त्यावर पूर्ण पद्धतीने प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारून घ्या. मग ते सकाळच्या कोवळ्या उन्हात, भर दुपारी, ढगाळ दिवशी सावलीत आणि रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली बघा. गडद हिरवा दिव्याखाली काळाच दिसतो, आणि काही मालकांना तेव्हा कळतं की आपल्याला हिरवी गाडी हवी होती, काळी नको होती. त्या मडगार्डाशेजारी गाडीचा क्रोम बंपर, एक चाक आणि वरच्या घडीच्या हुडाचं कापडही ठेवून बघा. पंधरा दिवस ते पॅनेल जाता-येता दिसेल अशा जागी ठेवा. पंधराव्या दिवशीही आवडलं तर आवडलं. गडद रंगाची एक किंमत आणखी आहे. पत्र्यातली प्रत्येक लाट त्यात आरशासारखी दिसते. पिवळ्यात खपून गेलेला ठोक हिरव्यात खपत नाही, म्हणून गडद रंगाला पत्र्याच्या तयारीचे तास जास्त धरावे लागतात. सात-आठ महिने सांगणारा पेंटर हे धरून बोलतोय असं मला वाटतं.

विनाइल रॅपबद्दल, म्हणजे रंगाऐवजी वरून चिकटवायच्या रंगीत फिल्मबद्दल, लोक विचारतात, तेव्हा दोन वाक्यांत. चौकटी, इंजिनाची खोली त्याने बदलत नाहीत, तो प्रश्न तसाच राहतो. आणि तुमच्या गाडीवरचा वरचा थर नीट धरलेला नसेल, तर रॅप काढताना रंग त्याच्यासोबत सोलून येईल. फुगे असलेल्या गाडीवर तर नकोच.

बदलायचंच ठरलं तर पत्रा उघडा कसा करणार, हे आधी विचारा. वाळूच्या माऱ्याने मोठे सपाट पत्रे, बॉनेट आणि डिकीचं झाकण, लाटा धरतात आणि ते परत सरळ होत नाहीत. तिथे केमिकल स्ट्रिपर किंवा हाताने घासणं बरं. वाळू खालच्या जाड भागांसाठी ठेवावी. आणि हे घरी करून बघायचा मोह होत असेल तर तयारीचं काम, खोलणं, घासणं जरूर करा, पण टू-के रंग स्वतः मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचा दमा देऊ शकतं, आणि कोळशाच्या फिल्टरचा साधा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारी बूथ लागते.

कागदांचं काम आधीच उरका. एमजीसाठी ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून गाडीच्या नंबरावरून दाखला मिळतो, त्यात मूळ रंग आणि आतली सजावट लिहिलेली असते. तो मागवून ठेवा. गाडी हिरवी झाली तरी तो फायलीत हवा. रंग बदलल्यावर नोंदणीच्या कागदावरचा रंग बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघाताच्या दिवशी गाडी एका रंगाची आणि कागद दुसऱ्या रंगाचा. खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. आणि पेंटरला बजावून सांगा की डॅशच्या मागे, गालिच्याखाली, कुठेतरी तळहाताएवढी मूळ पिवळी जागा न रंगवता ठेव. पुढच्या मालकाला कधी परत जायचं झालं तर शेड जुळवायला तीच उपयोगी पडते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत कोणीतरी शहाण्याने अशी जागा ठेवली होती, आठवड्याचं काम एका दुपारीत झालं.

ह्या शनिवारी सुई, चुंबक, जॅक आणि पेचकस एवढंच काढा. पेंटरला अजून फोन करू नका. सिल आणि फुगे काय सांगतात ते लिहून ठेवा, गेज मिळालं तर त्याचे आकडेही, आणि तो कागद दोघांपुढे ठेवून विचारा, ह्यातलं काय कापणार आणि काय तसंच ठेवणार.